आट्यांचा आटापिटा

माणसांचे दोन प्रकार असतात. एक, घट्ट बसलेल्या गोष्टीला हात न लावणारे. आणि दुसरे, 'जरा आणखी आवळून पाहू' म्हणणारे. पहिल्या प्रकारची माणसं सुखी असतात. त्यांच्या घरातले नळ गळत नाहीत, चष्म्याच्या काड्या निखळत नाहीत आणि कुकरच्या झाकणाचं हँडल भाजीत पडत नाही. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. 'मोडतो' हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्यावा, असं आमच्या सौ.चं म्हणणं आहे.

आमचं गाव उंद्री. बुलढाणा जिल्हा, तालुका चिखली, चिखली-खामगाव रस्ता. इतका खुलासेवार पत्ता द्यायचं कारण असं, की पुण्याजवळ एक उंड्री आहे आणि आमचे साडू तिथे राहतात. त्या उंड्रीतल्या फ्लॅटची किंमत ते सांगतात, तेव्हा मी मनातल्या मनात त्या रकमेला आमच्या उंद्रीतल्या जमिनीच्या भावानं भागतो आणि सोयाबीन पेरून मोकळा होतो. असो. सांगायची गोष्ट त्या उंड्रीतली नसून या उंद्रीतली आहे, आणि ती आमच्या घरच्या मोटारीची आहे.

मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. ही मुळात इटलीची लेक. तिकडचं नाव फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात या इटालियन गाड्या बनू लागल्या आणि १९७४ साली बाईंचं नाव पद्मिनी पडलं. सासरी आलेल्या मुलीचं नाव बदलतात, तसंच. इंजिन १०८९ सीसीचं. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. २०००च्या सुमाराला तिचं उत्पादन थांबलं. आमची १९८९ची. माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी १९९३ साली प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून ती जुनीच घेतली. मास्तरानं मोटार घ्यावी याचं गावाला इतकं आश्चर्य वाटलं, की पहिले आठ दिवस लोक गाडीऐवजी अण्णांनाच बघायला येत होते.

अण्णांचं एक वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय : "उत्तर आलं म्हणजे झालं नाही. ताळा कर." गणिताचा ताळा, किराण्याच्या यादीचा ताळा, माझ्या लग्नाच्या वेळी तर दोन्ही पत्रिकांचाही ताळा. मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो, तो या ताळ्याच्या धाकानंच. रोज संध्याकाळी कॅश जुळली नाही तर मला घास उतरत नाही. पाच रुपये कमी आले तर खिशातले घालतो. पाच रुपये जास्त आले तर मात्र झोप लागत नाही. कमी आलेले आपले गेले एवढंच. पण जास्त आलेले कुणाचे, हा प्रश्न रात्रभर उशाशी बसतो.

तर ३० ऑक्टोबर २०२३. त्या सुमाराला सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी होती, की मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी त्या दिवसापासून कायमची गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची. हिशेब सरळ होता. अण्णांनी बातमी दोनदा वाचली, पेपरची घडी घातली, चष्मा घडीवर ठेवला आणि म्हणाले,

"आपली आहे अजून."

मी म्हटलं, "हो."

"पासिंग कधीपर्यंत?"

"पुढच्या वर्षीपर्यंत."

"मग दिवाळीच्या आधी शेगावला जाऊन येऊ. तिच्यातूनच."

आता यातली गोम सांगायला हवी. आई होती तोवर दर वर्षी दिवाळीच्या आधी शेगावची वारी ठरलेली. अण्णा चालवायचे, आई शेजारी, मी मागे. शेगावात गजानन महाराजांचं दर्शन, बाहेर कचोरी, परतीला आईची डुलकी. २०१९ साली आई गेली. तेव्हापासून गाडी पडवीत उभी. मी रविवारी सुरू करून ठेवायचो, ओट्यापासून रस्त्यापर्यंत न्यायचो आणि परत आणायचो. अण्णा तिच्यात बसले नव्हते. गेल्या चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा कुठे जायचं नाव काढलं होतं, आणि तेही तिच्यातून. तेव्हा मी "बस बरी पडेल" वगैरे म्हणालो असतो, तर माझ्यासारखा करंटा मीच.

शनिवारी संध्याकाळी गाडी सुरू केली, तर बॉनेटखालून किंकाळी आली. फॅनचा पट्टा ओरडत होता. या पट्ट्याची थोडी ओळख करून देतो. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला हा रबरी पट्टा असतो. तोच पंखा फिरवतो, तोच पाण्याचा पंप फिरवतो, तोच डायनामो फिरवतो. (हल्ली त्याला ऑल्टरनेटर म्हणतात; अण्णा डायनामोच म्हणतात, म्हणून आम्हीही.) एका माणसाच्या पगारावर तीन खाती चालावीत, तसा प्रकार. पट्टा सैल पडला, की आधी ओरडतो, मग घसरतो. पंप थांबतो, पाणी फिरत नाही, रेडिएटर उकळतो आणि आपण रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसतो. पट्टा ताणलेला राहावा म्हणून डायनामो बाहेरच्या अंगाला ओढून पक्का करतात, आणि तो ज्या ब्रॅकेटवर बसतो ते ब्रॅकेट बोल्टांनी ब्लॉकला जखडलेलं असतं. यातला एक बोल्ट मला बोटांनी फिरवता आला.

बोटांनी फिरणारा बोल्ट दिसल्यावर पहिल्या प्रकारचा माणूस मिस्त्रीला बोलावतो. मी १२-१३चा पाना आणला.

बोल्ट फिरत होता, पण घट्ट होत नव्हता. काढून पाहिला, तर त्याचे आटे झिजलेले, टोक काळंठिक्कर. मी शहाण्यासारखा विचार केला, की बोल्ट खराब झालाय, नवा आणू. नमुना खिशात घालून चिखलीला गेलो. दुकानदारानं नमुना एका फळीला लावला, दुसऱ्या फळीला लावला, आणि तस्साच नवा कोरा, चकचकीत, कडक पोलादी बोल्ट काढून दिला. नमुन्याबरहुकूम. मी घरी येऊन लावला. पहिले दोन फेरे हातानं गेले. तिसऱ्याला जड झाला. चौथ्याला पाना लागला. मग पानाही हलेना.

आता खरं तर हीच थांबायची जागा होती. पण मघाशी सांगितलंच, मी कोणत्या प्रकारात मोडतो ते. पानाच्या शेपटाला मी हातभर लांब पाइप चढवला. पाइप लावला, की माणसाला आपण फार बलवान आहोत असं वाटू लागतं. शक्ती पाइपाची असते, छाती आपली फुगते. बोल्ट फिरला. जड, आणखी जड, फारच जड, आणि मग एकदम हलका.

ज्यानं कधी बोल्ट आवळलाय त्याला हा हलकेपणा ठाऊक असेल. हाताला कळतं, पण मेंदू ऐकायला तयार नसतो. बोल्ट बाहेर काढला, तर त्याच्या नव्याकोऱ्या आट्यांत बिडाचा काळा चुरा भरलेला होता. बोल्ट शाबूत होता. ब्लॉकमधले आटे बाहेर आले होते. बोल्टाचे आटे गेले तर बोल्ट पाच-दहा रुपयांना मिळतो. ब्लॉकचे आटे गेले, म्हणजे पाया गेला. आणि ब्लॉक बनवणारा कारखाना बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झालेली.

"झालं का रे?" पडवीतून अण्णांनी विचारलं.

"हो, होत आलंय," मी म्हटलं. तांत्रिकदृष्ट्या हे खोटं नव्हतं. सगळंच होत आलं होतं.

रात्री सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "अण्णांना सांगून टाका."

"काय सांगू? चार वर्षांनी तुम्ही निघालात आणि मी इंजिनाचे आटे काढले?"

"आटे कशाला म्हणता? बोल्ट पडला म्हणा."

"ते विचारतील, बोल्ट का पडला. मग विचारतील, ताळा केला होता का."

यावर ती काही बोलली नाही. आमच्या घरात ताळ्यापुढे कुणी काही बोलत नाही.

रविवारी सकाळी अण्णा देवपूजेला बसल्याचं पाहून मी मिस्त्रीला घरी आणलं. मिस्त्रीचं गॅरेज रस्त्याच्या कडेला आहे. गॅरेज म्हणजे एक कडुनिंब, त्याखाली एक खाट, दोन ट्रॅक्टरची चाकं आणि कधीच सुरू न होणारी एक जीप. पण माणूस जाणकार. त्यानं होलात टॉर्च मारला, बोट घालून पाहिलं, आणि डॉक्टर नाडी सोडतात तसं बोट काढून घेतलं.

"चुडी मेली, साहेब."

आमच्याकडे पुस्तकात आटे असतात, गॅरेजात चुडी असते.

"हे तुमी आवळलं का?"

"हो."

"पाइप लावून?"

मी कडुनिंबाकडे पाहायला लागलो. पण आमच्या पडवीसमोर कडुनिंब नाही, हे जरा उशिरा लक्षात आलं.

मिस्त्रीनं पिशवीतून एक फणी काढली. पोलादी पात्यांची, प्रत्येक पात्याला वेगवेगळ्या मापाचे दाते. बोल्टाच्या आट्यांवर एकेक पातं टेकवून पाहिलं, आणि एकदम हसायला लागला.

"साहेब, हा बोल्ट इंचाचा हाय. होल हाय मिलिमीटरचं. या दोघायचं लगन लागत नाही!"

"पण मी जुना नमुना नेला होता!"

"मंग नमुन्यातच खोट हाय."

मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. बोल्ट पाच-सोळांश इंच. म्हणजे ७.९४ मिलिमीटर. होल आठ मिलिमीटरच्या बोल्टासाठी. फरक सहा-शतांश मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाएवढा. (माझ्या बाबतीत ही मोजपट्टी दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालली आहे.) बोल्टाच्या डोक्याचंही तेच. एकाला अर्ध्या इंचाचा पाना लागतो, दुसऱ्याला १३ मिलिमीटरचा. अर्धा इंच म्हणजे १२.७. तेराचा पाना दोन्हींना बसतो आणि बिनबोभाट बसतो. खरी मेख आट्यांत. आठ मिलिमीटरच्या बोल्टाचा एक आटा दुसऱ्यापासून सव्वा मिलिमीटरवर असतो. पाच-सोळांशला इंचात अठरा आटे, म्हणजे दोघांमध्ये १.४१ मिलिमीटर. पहिल्या फेऱ्याला हा फरक कळतही नाही. चौथ्या फेऱ्याला तो साठून अर्ध्या मिलिमीटरवर जातो, बोल्टाचा आटा ब्लॉकच्या आट्याच्या डोक्यावर येऊन बसतो, आणि मग पाइपवाला ठरवतो कोण मरायचं ते. पोलाद कडक, बीड ठिसूळ. बीड मेलं.

मला एकदम शरम वाटली. जो माणूस पाच रुपयांच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत खुर्ची सोडत नाही, त्यानं प्रत्येक आट्याला १६ शतांश मिलिमीटरचा फरक पाइप लावून जुळवायला काढला होता! बँकेत मी असं केलं असतं, तर आज हा लेख दुसऱ्याच पत्त्यावरून लिहावा लागला असता.

पण यात मी एकटा नाही, हे मागाहून वाचनात आलं आणि बरं वाटलं. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली सगळ्यांसाठी एक माप सुचवलं, आट्याचा कोन ५५ अंशांचा. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सनं दुसरं माप सुचवलं, कोन ६० अंशांचा. पाच अंशांसाठी दोन देश जवळजवळ शंभर वर्षं एकमेकांचे बोल्ट वापरू शकले नाहीत. दुसरं महायुद्ध लढून झाल्यावर कुठे त्यांचं जुळलं. १९०४ साली अमेरिकेत बाल्टिमोर शहराला आग लागली, तेव्हा शेजारच्या शहरांतून बंब धावून आले; पण त्यांच्या नळ्यांची तोंडं बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. बंब आहेत, पाणी आहे, आग आहे; आटे जुळत नाहीत. आपल्याकडे १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, १९५७च्या एप्रिलपासून नवे पैसे आले, शेर-मण गेले, किलो आले. पण ट्रॅक्टर आणि जीप इंचातच राहिल्या, अ‍ॅम्बॅसॅडर विलायती वळणाची म्हणून तीही इंचात, आणि आमची पद्मिनी इटालियन, म्हणून मिलिमीटरात. म्हणजे उंद्रीसारख्या गावात आजही दोन राज्यं नांदतात, आणि त्यांची सरहद्द आमच्या गाडीच्या बॉनेटखालून जाते.

"पन हा पयला बोल्ट टाकला कोनं?" मिस्त्री म्हणाला आणि आकडा घेऊन होल खरवडू लागला. काळा चुरा निघाला, तेलकट मळ निघाला, आणि मग आकड्याच्या टोकाला अडकून काहीतरी चकाकत बाहेर आलं. चुरगळलेला, बारीक, चंदेरी तुकडा. मागोमाग आणखी एक.

"चांदी हाय!" मिस्त्री ओरडला. आता खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे हे मान्य. पण ती खामगावच्या रस्त्यावरच्या मोटारींतही निघते, हे मला नवीन होतं.

"टाकू नको ती."

मागे अण्णा उभे होते. सोवळ्यात, कपाळाला गंध, हातात पळी. त्यांची पूजा नेहमी तासभर चालते. त्या दिवशी देवांनी वीस मिनिटांत सोडलं होतं. मी पाना पाठीमागे लपवला. वय वर्षं चव्वेचाळीस. पण पाना पाठीमागे जाताना वय विचारत नाही.

"अण्णा, मी… तो बोल्ट जरा…"

"तो बोल्ट मी घातला," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी ओट्यावर बसून सगळं सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे न पाहता पळीकडे पाहत होते. १९९८ साल. मी परीक्षेमुळे घरी राहिलो होतो, दोघंच शेगावला गेले होते. परतीला घाट चढताना बोल्ट कुठेतरी पडला, पट्टा सुटला, रेडिएटर उकळला. दिवेलागण झालेली. एका ट्रॅक्टरवाल्यानं आपल्या डब्यातून बोल्ट काढून दिला. तीन-चार आटे गेला, पुढे जाईना. अण्णांनी जोर लावला. ("पाइप?" मी विचारलं. "पहारीचं टोक," अण्णा म्हणाले. खानदानी दोष.) बोल्ट गेला, पण सैल झाला. तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं सिगारेटच्या पाकिटातली चांदी दिली, आणि आईनं ती नखानं फाडून, वात वळतात तशी वळून, बोल्टाच्या आट्यांवर गुंडाळली. बॅटरीही तिनंच धरली होती. बोल्ट बसला. गाडी घरी आली.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुझी आई म्हणाली, सांगू नका. पोरगा म्हणेल, अण्णांनी ताळा केला नाही."

मिस्त्री मोठ्यानं हसला. मग आमच्या दोघांकडे पाहून थांबला.

पंचवीस वर्षं तो बोल्ट तसाच होता. दर दोन-तीन महिन्यांनी, मी शाळेत, पुढे कॉलेजात आणि त्याहीपुढे बँकेत गेलो की, अण्णा हळूच पाना घेऊन तो जरासा आवळायचे. आई गेल्यावर त्यांनी गाडीला हात लावला नाही, आणि बोल्ट सैल होत गेला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हा फरक १९९८ साली सस्पेन्स खात्याला टाकला होता आणि दर वर्षी पुढे ओढला जात होता. २०२३ साली मी नमुन्याबरहुकूम तीच चूक नव्यानं, चकचकीत पोलादात लिहिली. ऑडिटर आला तो टॉर्च आणि फणी घेऊन.

"आता काय?" अण्णांनी मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्रीनं बोटं मोजली. एक, होल मोठं करून दहा मिलिमीटरचा बोल्ट घालायचा. पण मग ब्रॅकेटही कोरावं लागणार. दोन, होल वेल्डिंगनं भरायचं. पण बीड तापवलं की तडकतं, आणि मग आटेही नाहीत नि ब्लॉकही नाही. तीन, पुन्हा चांदी. तिसरं बोट दुमडताना त्यानं अण्णांकडे पाहिलं नाही, हा त्याचा मोठेपणा. चार, हेलिकॉइल.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग. तारेचा काप शंकरपाळ्यासारखा, त्यामुळे तिला बाहेरून आटे असतात आणि आतूनही. मेलेले आटे पूर्ण कोरून काढायचे, मोठे नवे आटे पाडायचे, त्यात ही स्प्रिंग घालायची. मग आतलं माप पुन्हा मूळचं, आठ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत ही फार वापरली गेली. ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूत तर दुरुस्त केलेले आटे मूळच्यापेक्षा मजबूत निघतात. खामगावच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे संच होता. मिस्त्रीनं फोन केला, आणि दुपारच्या एसटीनं तो कंडक्टरच्या हाती उंद्रीला आला. विमानाचं औषध लाल डब्यातून आलं, एवढाच फरक.

मग जे पाहिलं ते मी बँकेत कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्रीनं डायनामो उतरवला. ड्रिलच्या टोकाला पांढरी पट्टी गुंडाळली. पट्टीपर्यंतच जायचं, पलीकडे पाण्याची जागा. ड्रिल ८.३ मिलिमीटरचं. गुण्या लावून सरळ धरलं, तेल न घालता, कारण बीड कोरडंच कापतात. कीस निघत नाही, काळी भुकटी निघते. ती फुंकून, पुसून, चुंबकानं वेचून साफ केली. मग टॅप. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पुन्हा अर्धा पुढे, पाव मागे.

"मागे कशाला?" मी विचारलं.

"कचरा तुटाले पाह्यजे ना, साहेब. सरळ पुढंच गेलं की टॅप अडकते नि आतच तुटते."

अण्णा खुर्ची ओढून जवळ बसले होते. त्यांच्या बोटांनीही मांडीवर अर्धा पुढे, पाव मागे चाललं होतं. स्प्रिंग मूळची होलापेक्षा किंचित मोठी असते. ती आवळून आत घालतात आणि सोडली की ती स्वतःच बाहेर रेटून घट्ट बसते. तिला पाइप लागत नाही. तिच्या तळाशी एक आडवी शेंडी असते, ती टोला देऊन तोडतात आणि चिमट्यानं बाहेर काढतात. टिक् असा आवाज आला. मुंज लागली.

आता नवा बोल्ट. मिलिमीटरचा. या खेपेला फणी लावून ताळा मी स्वतः केला, मग अण्णांनी केला, मग मिस्त्रीनं आम्हा दोघांच्या समाधानासाठी केला. पाच फेरे नुसत्या बोटांनी गेला. इतक्या सुखानं, की मला शनिवारचे ते दोन जड फेरे आठवून अंगावर काटा आला. बोल्ट सांगत होता. ऐकायचं मी नव्हतं.

"किती आवळायचा?" मी विचारलं.

"हाताच्या अंदाजानं," मिस्त्री म्हणाला.

"अंदाज नको," अण्णा म्हणाले. या मापाच्या बोल्टाला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतं, हे गाडीच्या डायरीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं निघालं. त्यांनी कागदावर भागाकार मांडला. पाव मीटर लांबीचा दांडा असेल, तर त्याच्या टोकाला दहा किलोची ओढ. घरात ओढ मोजायचं साधन नव्हतं. रद्दीवाल्याकडे होतं. मी जाऊन त्याचा स्प्रिंगचा काटा मागून आणला. त्यानं विचारलं, "गाडी विकून ऱ्हायले का, भाऊ? किलोवर?"

तेराची गोटी, तिच्यात दांडा, दांड्याला पाव मीटरवर काट्याचा आकडा. मी ओढत होतो, अण्णा काट्यावर वाकून वाचत होते. "सहा… सात… आठ… हळू… नऊ… बस! दहा. सोड."

सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट पुरेशी आवळून सोडली. मिस्त्री सांगत होता, की आवळलेला बोल्ट केसभर ताणला जातो आणि त्या ताणानंच तो धरून ठेवतो. त्यातही पहिल्या आट्यावर एक-तृतीयांश भार येतो. "पयल्यालेच जास्त," तो म्हणाला. मी अण्णांकडे पाहिलं. ते चंदेरी तुकडे रुमालात बांधत होते.

"अण्णा, ते काई कामाचं नाही आता," मिस्त्री म्हणाला.

"माहीत आहे," अण्णा म्हणाले आणि रुमाल खिशात घातला.

मंगळवारी मी रजा टाकली. रजेच्या अर्जात कारण 'घरगुती' लिहिलं. 'आटे' लिहिलं असतं, तर साहेबांनी वेगळा अर्थ काढला असता. अण्णा पुढे माझ्या शेजारी बसले. सौ. मागे. घाट उतरताना एका वळणावर अण्णा म्हणाले, "जरा थांब." उतरले नाहीत. काच खाली करून रस्त्याच्या कडेला थोडा वेळ पाहिलं. तिथे काही नव्हतं. एक बाभूळ, एक मैलाचा दगड. "इथेच," म्हणाले. मग म्हणाले, "चल."

शेगावात दर्शन झालं, कचोरी झाली. परत येताना अण्णांना आईसारखीच डुलकी लागली. पुढच्या वर्षी पासिंगही झालं. इन्स्पेक्टरनं बॉनेट उघडलं, पण आमच्या त्या बोल्टाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला जरा वाईटच वाटलं.

जुना इंचाचा बोल्ट मी बँकेत टेबलावर ठेवलाय, व्हाउचरांवर वजन म्हणून. कॅश जुळेनाशी झाली आणि हात उगाच एखादा आकडा दाबून बसवायला शिवशिवू लागला, की तो दिसतो. मग मी पाव फेरा मागे येतो.

आणि शेगावहून उंद्रीपर्यंत, घाट चढतानासुद्धा, पट्टा एकदाही ओरडला नाही. अण्णाही नाहीत.